सतर कोणाचा करायचा?



सूरह अन्-निसाच्या १४८ व्या आयतीत अल्लाहने वाईट गोष्टीची उघड वाच्यता नापसंत ठरवली आहे आणि तिथेच एक अपवादही ठेवला आहे: ज्याच्यावर जुलूम झाला, त्याला बोलण्याची मोकळीक आहे. ही आयत मी विद्यार्थिदशेत तोंडपाठ केली होती, परीक्षेत तिच्यावर उत्तरही लिहिले होते. तरी नेमक्या वेळी ती मला आठवली नाही, याची कबुली आधी देतो.

काही वर्षांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ मशिदीत थांबून राहिले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चाकणच्या कारखान्यात पाळीवर काम, भाड्याचे घर चिखलीकडे, आणि मुलगी दूरच्या एका निवासी जामियात आलिमाचा अभ्यासक्रम शिकत असलेली. मुलीचे वय सतरा. तिने फोनवर आईला एका शिक्षकाविषयी जे सांगितले होते, ते त्यांनी मान खाली घालून मला सांगितले. मी म्हणालो, ‘‘भाई, आधी मोहतमिम साहेबांना भेटा. दीनी संस्था आहे, बदनामी होता कामा नये.’’

ते भेटले. मोहतमिमांनी मुलीला त्या शिक्षकाच्या समोर बसवून विचारणा केली, चार साक्षीदार आहेत का असा प्रश्न केला, सतर करण्याची नसीहत दिली आणि आठवड्याने ‘वातावरण बिघडते’ म्हणून तिला ट्रंकेसह घरी पाठवले. शिक्षक वर्गावर राहिला. गुन्हा पुढे नोंदवला गेला. प्रकरण न्यायालयात असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही. परंतु माझा सल्ला शरीअतच्या दृष्टीने चुकीचा होता आणि देशाच्या कायद्याच्या दृष्टीनेही. तो का चुकीचा होता, ते आपल्यासमोर मांडणे हे माझ्यावर कर्ज आहे.

प्रथम सूरह यूसुफ पाहा. ही सूरह आपण आपल्या मुलांना गोष्ट म्हणून सांगतो, पण या दृष्टीने क्वचितच वाचतो. ह. यूसुफ (अ.) परक्या घरात वाढलेले, आश्रित तरुण होते. ज्या घराच्या आधारावर ते जगत होते, त्याच घरातील व्यक्तीने दारे बंद करून त्यांच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला आणि उलट आरोपही त्यांच्यावरच ठेवला. निवाडा कशाने झाला? चार साक्षीदारांनी नव्हे. सदरा मागून फाटला आहे की पुढून, या परिस्थितीजन्य पुराव्याने झाला. सत्य घरधन्याला कळले. मग त्याने काय केले? यूसुफ (अ.) यांनाच ही गोष्ट सोडून देण्यास सांगितले. आणि पुढे, कुरआन स्पष्ट सांगतो की निशाण्या पाहिल्यानंतरही, त्या लोकांना यूसुफ (अ.) यांना काही काळ कैदेत टाकणेच सोयीचे वाटले. घराची अब्रू राखली गेली. तिची किंमत निरपराधाने तुरुंगात मोजली. मुलीला ट्रंकेसह घरी पाठवणाऱ्या संस्थेने कोणाचा कित्ता गिरवला, हे वाचकांनी ताडावे.

आता चार साक्षीदारांचा प्रश्न. ही अट सूरह अन्-नूरमध्ये, चारित्र्यवान स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप करणाऱ्यांविरुद्ध आली आहे आणि तिच्या पाठोपाठ ह. आयशा (रजि.) यांच्यावरील बदनामीचे प्रकरण येते. स्त्रीच्या रक्षणासाठी उभारलेली ही भिंत अत्याचार करणाऱ्याला आडोसा म्हणून वापरली जावी, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. जिच्यावर जबरदस्ती झाली ती व्यभिचाराची कबुली देत नसते. ती जुलमाची फिर्याद करीत असते. जबरदस्ती झालेल्या स्त्रीवर हद्द नाही, यावर चारही इमामांच्या फिक्हमध्ये एकमत आहे.

अबू दाऊद व तिर्मिजी यांनी ह. वाइल बिन हुज्र (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग नोंदवला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात नमाजसाठी निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत अत्याचार झाला. लोकांनी एकाला पकडून आणले. तिनेही हाच तो, असे सांगितले. प्रत्यक्षात तो निरपराध होता, आणि खरा अपराधी स्वतः पुढे आला. प्रेषितांनी (स.) त्या स्त्रीला अल्लाहच्या क्षमेची ग्वाही देऊन जाऊ दिले आणि चुकून पकडल्या गेलेल्याशी चांगले शब्द बोलले. एकटी का निघालीस, असे तिला विचारल्याचा उल्लेख नाही. साक्षीदार मागितल्याचा नाही. भेदरलेल्या अवस्थेत ओळखण्यात चूक झाली, म्हणून तिच्यावर तोहमतीची शिक्षाही झाली नाही. त्याचबरोबर निरपराधाचा मानही राखला गेला. तक्रार ऐकणे आणि चौकशी काळजीपूर्वक होणे, या दोन्ही गोष्टी इथे एकत्र नांदतात.

‘उस्तादांच्या खोलीत एकटी गेलीसच का?’ हा प्रश्नही हमखास विचारला जातो. एकांताची मनाई मुलीला ठाऊक होती आणि उस्तादाला नव्हती काय? वेळापत्रक कोणी आखले, किल्ली कोणाकडे होती? त्या मनाईचे उत्तरदायित्व आधी संस्थेचे आहे.

राहिला सतर. दुसऱ्याचे दोष झाकण्याच्या फजीलतीची हदीस सहीह आहे. परंतु तिच्या विवेचनात इमाम नववी (रह.) यांनी फरक केला आहे: जो लोकांना त्रास देणारा म्हणून ओळखला जातो, त्याला झाकू नये, त्याचे प्रकरण अधिकाऱ्यांपर्यंत न्यावे, कारण झाकल्याने त्याची भीड चेपते. गीबत कोठे माफ आहे, हे सांगतानाही त्यांनी पहिले स्थान मजलूमच्या फिर्यादीला दिले आहे. तेव्हा झाकायचे ते पीडित मुलाचे किंवा मुलीचे नाव. गुन्हा नव्हे.

ही गोष्ट केवळ मुलींची नाही. जुलै २०१८ मध्ये पुण्याच्या कात्रज भागातील एका निवासी मदरशातून ३६ मुलांना हलवण्यात आले आणि लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून तेथील मौलवीला अटक झाली. पळून निघालेली दोन मुले पुणे रेल्वे स्थानकावर एका सामाजिक संस्थेच्या कार्यकर्त्यांना भेटली, तेव्हा ते प्रकरण उघडकीस आले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. मला टोचते ते एवढेच की त्या मुलांचे ऐकणारा माणूस त्यांना फलाटावर भेटावा लागला.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांना लागू आहे. अशी गोष्ट ज्याला कळली, त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. म्हणजे त्या जुम्याला माझ्यावरही ते बंधन होते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो आणि आरोपी त्याच्यासमोर येऊ द्यायचा नसतो. मोहतमिमांच्या दालनात नेमके याच्या उलट घडले. पीडितावर प्रथमोपचार विनामूल्य करणे सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ करून द्यावा.

अठरा वर्षांवरील विद्यार्थिनींसाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत महिलेच्या अध्यक्षतेखाली अंतर्गत समिती हवी, तिच्यात बाहेरचा एक सदस्य हवा आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी. बाहेरचा सदस्य या शब्दाने आपल्या अनेक बुजुर्गांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु ज्याचे वेतन मोहतमिमांच्या सहीने निघते, तो मोहतमिमांच्या मेहुण्याची चौकशी कशी करणार?

येत्या शव्वालमध्ये मुलांना दाखल करण्यासाठी आपण गाड्या भरून निघाल, तेव्हा जेवण आणि फी यांच्या बरोबरीने विचारा: समिती आहे काय, तिच्यात कोण आहे, मुलाला कोणाच्याही परवानगीविना घरी फोन करता येतो काय, रात्री वसतिगृहाची किल्ली कोणाकडे असते. उत्तर देताना जे रागावतील, त्यांच्याकडून ट्रंक परत आणा. चंदा देणाऱ्यांनीही पावती घेण्यापूर्वी हेच विचारावे.

आणि तक्रार झालीच, तर वर्ग बदलायचा तो शिक्षकाचा. चौकशी संपेपर्यंत त्याने दूर राहावे. मुलीचे धडे, परीक्षा, सनद काहीही अडू नये. त्या मुलीचे गुणपत्रक संस्थेने चार महिने अडवून ठेवले होते. दोन पत्रांना उत्तर आले नाही. तिसरे मी तिच्या वडिलांबरोबर स्वतः घेऊन गेलो. ते मिळाल्यावर दुसऱ्या जामियाने तिला त्याच वर्गात प्रवेश दिला, आणि तेथील मुख्य आपांनी तिला मागचे काहीही विचारले नाही.