पावसाळ्याची सोय

सातारा

चि. सोनूस,

तुझ्या आईचा फोन आला होता. पुण्याला नोकरी लागल्यावर जानेवारीत वर्षाचे पैसे भरून लावलेली जिम जूनपासून बंद आहे, प्रोटीन पावडरचा डबा अर्धा तसाच पडून आहे आणि कुणी काही बोललं की "माझं वजन बरोबर आहे" हे उत्तर तयार असतं, असा एकंदर मजकूर. तिच्या मते पोरगा आळशी झालाय. तुझ्या या आत्याला तसं वाटत नाही. पैसे भरताना तुझ्या डोळ्यांपुढे जानेवारीच होता: कोरडी सकाळ, मोकळे रस्ते. जुलै त्या बेतात नव्हताच, आणि बहुतेकांचा व्यायाम मोडतो तो इथेच.

आधी त्या वजनाचं बघू. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाच्या संशोधनातलं मोठं नाव. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं, सोबत दोघांचा फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा होता: २२.३. फोटो बघून दोघांनाही कुणी जाड म्हणणार नाही. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम, त्या टिपणातच थट्टेने म्हटल्याप्रमाणे, रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ते गाठणं.

सगळा दोष लिफ्टचा नव्हे. पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या नवजात बाळांचा याज्ञिकांच्या चमूने अभ्यास केला, तेव्हा त्यांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारं आणि आतून चरबी राखून असलेलं शरीर आपल्याकडे जन्मापासूनच असं घडतं, आणि मधुमेहाची वाट तिथूनच जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर निघाली, आणि हे सगळेच काही पोट सुटलेले शेठजी नाहीत. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात.

आता पावसाळा. जुन्या लोकांनी याची सोय कशी केली होती ते बघण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत कुस्तीचा आखाडा छपराखाली असतो. तांबड्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मिसळून ती मऊ ठेवायची आणि बाहेर धो धो पाऊस असला तरी आत जोर-बैठका चालूच. फडाच्या कुस्त्या जत्रांच्या दिवसांत रंगतात. पावसाचे महिने मेहनतीचे. फड नाही म्हणून पहिलवान घरी बसला, तर पुढच्या जत्रेत त्याला कोण विचारणार?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर आखाड्याचीही गरज ठेवली नाही. सूर्यनमस्कारांना सतरंजीएवढी जागा लागते, साधन काहीच लागत नाही. त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली आणि म्हातारपणीही स्वतः ते घालत राहिले. राजाने उघड्या अंगाने नमस्कार घालून दाखवावेत आणि प्रजेला घालायला लावावेत, याची तेव्हा थट्टाही झाली असेल. तुझ्या भाड्याच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी फरशी उरते, तेवढी त्यांच्या पद्धतीला पुरते. त्याला जोर आणि बैठकांची जोड दिली की जिमचं निम्मं काम तिथेच होतं.

आणि पावसात चालता येत नाही, हे तर पुण्यात राहून कुणी म्हणूच नये. ज्येष्ठ वद्यात, पावसाच्या तोंडावर, ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, दिवेघाट चढते आणि जवळजवळ तीन आठवड्यांत सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोचते. त्यात सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन आणि खांद्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेतलेल्या. त्यांना रोजच्या कामाने चालायची सवय असते, हे खरं. पण एक छत्री आणि पायात न घसरणाऱ्या चपला एवढ्यावर तुझीही अर्ध्या तासाची रपेट सहज निभेल.

किती चालायचं, हा पुढचा प्रश्न. फोनवर १०,००० पावलं दाखवून तू स्वतःला शाबासकी देतोस किंवा शिव्या घालतोस. तो आकडा कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या जाहिरातीतून तो जगभर पसरला. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या २०१९ च्या एका अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि ७,५०० च्या आसपास तो वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. याज्ञिकांचा फोटो लक्षात ठेवलास, तर यातले ते दोन दिवस तुला जास्त महत्त्वाचे. चालण्याने दम वाढेल. मांड्या, पाठ, खांदे भरायचे तर वजन उचललं पाहिजे, मग ते लोखंडाचं असो की स्वतःच्या अंगाचं.

आयुर्वेदाचार्य वाग्भटाने व्यायामाची मात्रा ऋतूप्रमाणे बदललेली आहे. थंडीत आणि वसंतात, तेही धडधाकट आणि तूप-तेल खाणाऱ्या माणसाने, अर्ध्या ताकदीपर्यंत व्यायाम करावा. एरवी त्याहून हलका. जिमच्या आरशावर चिकटवलेल्या घोषणा नेमकं याच्या उलट सांगतात, आणि गुडघे धरून बसलेली तरुण मुलं त्यातूनच निपजतात. मे महिन्यात सकाळी सातच्या आत चालणं उरकावं, डिसेंबरात त्याहून जास्त घाम गाळावा. एकच तक्ता बारा महिने भिंतीवर नको.

खाण्याचंही तेच. पहिला पाऊस पडला की मंडईत डोंगराकडच्या बायका टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कर्टोली घेऊन बसतात. यातली एखादी जुडी आठवड्यातून एकदा तरी घरी यावी. शेवळं ही रानभाजी मात्र माहीतगाराकडूनच शिकावी. काकडं किंवा चिंचेसारखं आंबट न घालता केली तर घसा असा खाजतो की नाव काढायचं नाही.

श्रावण लागला की उपवास. उपवासाला कुणाची ना नाही, पण साबुदाण्याला आत्याची आहे. तो तमिळनाडूतल्या सेलमकडच्या कारखान्यांत टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेतून आलेला. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी आणि प्रथिनं जवळपास शून्य. वर तूप, बटाटा, आणि मग "आज काही खाल्लंच नाही". भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, फळं यांवर दिवस छान जातो.

हिवाळा हा आपल्याकडचा सगळ्यात उदार ऋतू. बाजरीत पांढऱ्या तांदळाच्या दहापट लोह असतं. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून आठवडाभराचंच दळून आणावं. पाकिटातलं कधी दळलंय कुणास ठाऊक. भोगीच्या दिवशी ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा, बोरं घातलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतात, ती वर्षातून एकदाच का करायची, हे कोडं अजून सुटलेलं नाही. वरून लिंबू पिळावं, म्हणजे धान्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्याजेवल्या चहा घेतला की त्यातलं बरंचसं वाया. तुमच्या ऑफिसात दोन वाजता जी टपरीवर रांग लागते, ती तासभर उशिरा लागली तर बरं. हुरड्याला बोलावणं आलं तर सोडू नकोस.

उन्हाळा ताकाचा, कोकमाचा आणि नाचणीच्या आंबिलीचा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. कोलाच्या ६०० मिलिलिटरच्या बाटलीत जवळपास ६० ग्रॅम साखर असते. पन्ह्यात गूळ घालून घालून किती घालशील? आंब्याबद्दल या घराण्यात उपदेश चालत नाही, तेव्हा तो विषय सोडते.

राहिला रोजचा डबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराचे नवे नियम काढले. दिवसाच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांवर जाऊ नये, असं त्यात आहे, आणि आपल्याकडे तो ५० ते ७० पर्यंत असतो. मेसच्या चार पोळ्या, भाताचा डोंगर आणि वाटीच्या तळाला भाजी, हाच तो हिशेब. मेसवाल्या काकूंना सांग, दोन पोळ्या कमी आणि मटकीची किंवा मुगाची उसळ जास्त. पैसे तेवढेच घेतील, कदाचित खूशही होतील. सोबत दोन अंडी उकडायला खोलीवरची इलेक्ट्रिक किटलीसुद्धा पुरते. त्याच नियमांमध्ये शरीर कमवण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नये असंही म्हटलं आहे. उरलेला डबा टाकवत नसेल तर संपव. नवा आणू नकोस.

आणि जिमवाल्याला एक फोन कर. न वापरलेले महिने पुढे ढकलून मिळतात का ते विचार. देतील किंवा नाही देणार, पण मागितल्याशिवाय आपणहून कोण देतंय? दिलेच, तर ते नोव्हेंबरपासून घे.

तुझी,
आत्या