पोटातले राखणदार

पावसाळा लागला की वस्तीत हगवण सुरू होते. लेकरू दोन-तीनदा पातळ संडासला गेलं की आपला जीव खालीवर होतो. मग मेडिकलमधून जुलाब बंद करणारी गोळी येते, नाहीतर मागच्या दुखण्यातलं उरलेलं अँटिबायोटिक पाजलं जातं. या घाईत लेकराच्या पोटातले राखणदारच मारले जातात. हे राखणदार कोण, ते आज समजून घेऊ.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यातले बरेचसे उपकारक असतात. धानाची बांधी दाट भरली असली की तणाला जागा मिळत नाही, तसंच हे काम चालतं. चांगले जिवाणू जागा आणि अन्न आधीच व्यापून बसतात. ते आम्ल तयार करतात, त्यात रोगजंतू नीट वाढत नाहीत. आपल्याला न पचलेल्या चोथ्यापासून ते जे पदार्थ बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं आणि आतड्याची सूजही आटोक्यात राहते.

ही वसाहत जन्मापासून वसू लागते. आईच्या दुधात अशी साखर असते, जी बाळाला पचत नाही. ती या जिवाणूंचंच अन्न असते. म्हणून पहिलं पिवळं चिकाचं दूध पिळून फेकू नका. मध, घुटी, साखरपाणी देऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीसुद्धा नको.

छत्तीसगडच्या पलीकडे, ओडिशाच्या खेड्यांत, ४,५५६ नवजात बाळांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना सात दिवस एक उपकारक जिवाणू आणि त्याचं अन्न दिलं. पहिल्या दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यू ओढवण्याचं प्रमाण दुसऱ्या गटात ९ टक्के होतं, या गटात ते ५.४ टक्क्यांवर आलं. ही बाळं आईचं दूध पिणारी होती, आणि जिवाणू निवडून, तपासून दिलेला होता. म्हणून तान्ह्या बाळाला घरचं ताक किंवा दुकानातली पुडी मनानं देऊ नये.

मग अँटिबायोटिक वाईट का? नाही. आपल्या गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुदोष झालेल्या बाळाला त्या घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन देत. तिथला नवजात मृत्युदर हजारी सुमारे ६२ वरून सुमारे २५ वर आला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गरज ओळखून दिलेलं अँटिबायोटिक जीव वाचवतं. पण लहान मुलांची बरीचशी हगवण विषाणूंमुळे होते. विषाणूवर हे औषध चालत नाही, चांगले जिवाणू मात्र मरतात आणि कधीकधी हगवण आणखी वाढते.

म्हणून हगवण लागली की :

• एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट मिसळा, थोडंथोडं पाजत राहा. ते पाणी २४ तासांनी फेका.
• आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या.
• अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका.
• संडासात रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, लघवी बंद, सतत उलट्या, जोराचा ताप, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. तान्हं बाळ दूध ओढत नसेल तर तासभरही थांबू नका.

मोठ्यांनी आणि वाढत्या मुलांनी हे राखणदार रोज पोसावेत. ज्वारीची भाकर, डाळ, बरबटी, तरोट्याची भाजी हे त्यांचं अन्न. ताज्या दही-ताकातून काही चांगले जिवाणू मिळतात. आंबील शिजवली की त्यातले जिवाणू मरतात, म्हणून ती थंड झाल्यावर वरून ताक घाला. ताकाचं पाणी मात्र उकळून गार केलेलं हवं. महागड्या बाटल्यांची गरज नाही.

आणि राखणदार कितीही तगडे असले तरी घाण पाण्यापुढे थकतात. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा. नळाला गढूळ पाणी आलं तर एकटं कुढत बसू नका. विहारात जमून सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्या.