जलवनस्पतींचे दफ्तर

वनस्पतिशास्त्राचा विषय कलाशाखेच्या अंकात कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. मी इतिहासाचा विद्यार्थी. इतिहासाचे एक साधन म्हणूनच मी या विषयाकडे वळलो.

आपल्या शहरात पाण्याची नावे पुष्कळ उरली आहेत. पाणी मात्र गेले. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक यांपैकी एकही तळे आज दिसत नाही. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला. त्या काळात डासांच्या भयाने कित्येक विहिरी व तळी झाकली किंवा बुजविली गेली. गोवालिया टँकचे मैदान १९४२ च्या 'छोडो भारत' ठरावाने इतिहासात अमर झाले. पण त्या जागी पाणी होते तेव्हा त्यात कोणते शेवाळ, कोणते कमळ होते, हे सरकारी दप्तरात सापडायचे नाही. सापडलेच तर वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, म्हणजे हर्बेरियममध्ये.

असा एक नामांकित संग्रह धोबीतलावापासून हाकेच्या अंतरावर, सेंट झेवियर्स महाविद्यालयात आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंनी १९०६ साली त्याचा पाया घातला. पुढे फादर सांतापाऊ यांनी तो वाढविला. समुद्राच्या बाजूने पाहता, बर्गेसेन या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९३५ साली मुंबईच्या सागरी शैवालांची यादी प्रसिद्ध केली.

जलवनस्पती वाळविणे हे नाजूक काम आहे. पाण्याबाहेर काढताच तिची पाने एकमेकांना चिकटून गोळा होतो. म्हणून पसरट भांड्यात पाणी घेऊन ती तरंगत ठेवतात, खालून जाड कागद सरकवतात, कुंचल्याने पाने मोकळी करतात आणि कागद तिरपा धरून अलगद उचलतात. त्यावर मलमलीचा तुकडा, टिपकागद आणि वजन. टिपकागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. सागरी शैवाल समुद्राच्याच पाण्यात धुवायचे. गोड्या पाण्याने नाजूक पेशी फुटतात व रंग उतरतो. पुष्कळ शैवाले आपल्याच चिकाने कागदाला चिकटतात. त्यांना डिंक लागत नाही.

पण खरे मोल असते ते कोपऱ्यातील चिठ्ठीला. स्थळ, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव, पाणी गोडे की खारे, किती खोल, फुलाचा रंग कोणता, हे नसेल तर तो केवळ पाचोळा! जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. एखाद्या तळ्यातील जलपर्णीचा दिनांकित नमुना मिळाला, तर त्या दिवसापर्यंत ती तेथे पोचली होती हे सिद्ध होते. मात्र नमुना नाही म्हणून ती तेथे नव्हतीच, असे म्हणता येत नाही. कागदपत्रे वाचतानाही आपण हीच सावधगिरी बाळगतो.

हाजीअली-वरळीच्या किनाऱ्याचा काही भाग अलीकडेच सागरी मार्गाच्या भरावाखाली गेला. बाणगंगेत अजून पाणी आहे. शास्त्रशाखेच्या मित्रांनी परीक्षेसाठी केलेले नमुने निकालानंतर रद्दीत टाकू नयेत. चिठ्ठी पूर्ण भरून ते महाविद्यालयाच्या संग्रहात द्यावेत. पुढे या शहराच्या पाण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तोच पुरावा हाताशी लागेल.