ध्वनितंत्रज्ञ : एक दुर्लक्षित व्यवसाय

चित्रपट-दूरचित्रवाणीचे नाव काढताच आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे नट उभा राहतो, फार तर कॅमेरामन. ध्वनितंत्रज्ञाचा विचार कोणी करीत नाही. म्हणूनच या क्षेत्रात ज्यांचे काका-मामा नाहीत, त्या तरुणांनी हे दार अवश्य ठोठवावे.

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे पदवीनंतर ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. २००९ साली 'स्लमडॉग मिलेनिअर'च्या ध्वनीसाठी ऑस्करचे मानकरी ठरलेले रसूल पुकुट्टी तेथीलच विद्यार्थी. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण. पण प्रवेश मिळाला नाही म्हणून निराश होऊ नये; पुष्कळजण सहायक म्हणून काम करीतच शिकतात.

सुरुवात बहुधा बूम धरण्यापासून होते. लांब काठीच्या टोकाचा मायक्रोफोन नटाच्या तोंडाजवळ न्यायचा, पण तो चौकटीत दिसता कामा नये आणि त्याची सावलीही पडता कामा नये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. बंद खोलीत घुमारा मात्र फारसा घटत नाही, त्यामुळे संवाद विहिरीतून आल्यासारखा वाटतो. कोण केव्हा बोलणार हे बूमवाल्याला नटाइतकेच पाठ हवे. हे काम हमालीचे समजणाऱ्यांनी दहा मिनिटे काठी डोक्यावर धरून पाहावी!

पूर्वी हिंदी चित्रपटात बहुतेक संवाद नंतर डबिंगने भरले जात. २००१ च्या 'लगान'मध्ये ते चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित झाले, आणि पुढे ही पद्धत वाढत गेली. साहजिकच सेटवरील शांततेला मोल आले. पंखा, फ्रीज बंद करावे लागतात. (फ्रीज पुन्हा सुरू करण्याचा विसर पडू नये म्हणून काहीजण मोटारीची किल्लीच त्यात ठेवतात.) प्रसंग संपल्यावर रिकाम्या खोलीची शांतताही अर्धा-एक मिनिट मुद्रित करतात; संकलनात दोन तुकडे जोडताना ती उपयोगी पडते.

मंडपात लाऊडस्पीकरवाल्याच्या हाताखाली राबलेल्या मुलाला वायर गुंडाळणे, खरखर कोठून येते हे शोधणे अंगवळणी पडलेले असते. त्याने ही विद्या क्षुल्लक मानू नये. कर्ज काढून यंत्रे घेण्याची घाई मात्र नको. ती भाड्याने मिळतात. मोबदला अनेकदा रोजावर ठरतो आणि महिनोन्‌महिने रखडतो. म्हणून रोज किती, किती तासांचा आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी घ्यावे.