‘परलॉइन’ म्हणजे नेमकी कोणती चोरी?

प्रश्न : मुलगी स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या पुस्तकात ‘परलॉइन’चा अर्थ नुसता ‘चोरणे’ दिलाय. मग साधे ‘स्टील’ असताना हा शब्द कशाला? मराठीत याला काय म्हणावे?
– एक वाचक, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

उत्तर : पुस्तकातला अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. ‘स्टील’ कोणत्याही चोरीला चालते. ‘परलॉइन’मध्ये वस्तू गुपचूप हलवलेली असते, आणि हलवणारा बहुतेकदा आत वावरणारा, विश्वासातला माणूस असतो. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हे क्रियापद येते ते धन्याशी प्रामाणिक राहा, असे नोकरांना सांगताना.

शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. तिथे त्याचा अर्थ होता दूर सारणे, लांबणीवर टाकणे. आता आपले ‘लांबवणे’ आठवून पाहा. सभा लांबवली म्हणजे उशीर केला, आणि चोरट्यांनी दागिने लांबवले म्हणजे चोरले. एकमेकींची ओळखदेख नसलेल्या दोन भाषांनी ‘लांब’ या एकाच कल्पनेतून उशीरही काढला आणि चोरीही. मला याचे फार अप्रूप वाटते. म्हणून प्रतिशब्द म्हणून मी ‘लांबवणे’च सुचवेन. ‘लंपास करणे’ही चालेल. फरक एवढाच की आपला शब्द रोजच्या बातमीतला आहे आणि इंग्रजी शब्द पुस्तकी. बोलताना तो कोणी वापरलाच, तर बहुधा थट्टेने वापरतो.

एडगर ॲलन पो यांची 1844 ची गाजलेली कथा याच शब्दाच्या नावाची आहे. त्यात एक मंत्री राजघराण्यातल्या स्त्रीचे खासगी पत्र तिच्या डोळ्यांदेखत उचलतो, आणि तिला ओरडताही येत नाही. 1911 मध्ये लूव्र संग्रहालयातून मोनालिसा गेली, तीही तिथे पूर्वी काम केलेल्या विन्चेंझो पेरुजाच्या हातून. दोन्हीकडे ‘परलॉइन’ चपखल बसते. याउलट 24 मार्च 2012 रोजी दिवेआगरच्या सुवर्ण गणेश मंदिरात दोन रखवालदारांचा जीव घेऊन मूर्ती नेली. तो दरोडा होता. तिथे ‘परलॉइन’ लिहिणे म्हणजे त्या दोघांचे मरण पुसून टाकणे.

‘एम्बेझल’ वेगळे. स्वाधीन केलेला पैसा कारकुनाने खाल्ला, तर तो अपहार.

कायद्याला मात्र ‘परलॉइन’ लागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये साधा ‘थेफ्ट’ आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीविना, अप्रामाणिकपणे नेण्यासाठी हलवली की चोरी झाली. ती दाराबाहेर गेलीच पाहिजे असे नाही. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम 306, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत.

मुलीला सांगा : उच्चारात जोर ‘लॉइन’वर द्यायचा. परीक्षेत समानार्थी म्हणून ‘स्टील’ किंवा ‘पिल्फर’ दिसले तर बिनदिक्कत खूण करायची. ‘पिल्फर’ फक्त किरकोळ वस्तूंसाठी, एवढे लक्षात ठेवायचे. पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर हा शब्द टाळा. काय गेले, कुठून, केव्हा, एवढे साध्या भाषेत लिहा.