फुकटच्या ऑफिसचा खरा खर्च

सावंगी (मेघे) म्हणजे वर्ध्याला लागून असलेलं मेडिकल कॉलेजचं गाव. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दंत आणि नर्सिंगची कॉलेजं अन् त्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्या. इथल्या घरच्या संगणकावर होणारी कामं ठरलेली असतात: सिनॉप्सिस, थिसिस, सेमिनारची पीपीटी, भाडेकरार, बचत गटाचा हिशेब. यातल्या बहुतेक कामांसाठी ऑफिस सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

आधी विकतचा हिशेब पाहू. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा एका व्यक्तीचा वार्षिक प्लॅन २०२५ च्या दरवाढीनंतर सात हजारांच्या घरात गेला. पीजीची तीन वर्षं धरली तर वीस हजार झाले. म्हणून बरेच जण ‘क्रॅक’ कॉपी टाकून घेतात. हे करू नका. त्या फाइलसोबत व्हायरस येण्याचा धोका असतो, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. धंद्यासाठी वापर नसला तरी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

पर्याय आहे लिब्रेऑफिस. २०१० मध्ये ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी वेगळं होऊन ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’च्या छत्राखाली ते सुरू केलं. वर्डच्या जागी रायटर, एक्सेलच्या जागी कॅल्क, पॉवरपॉइंटच्या जागी इम्प्रेस. घरी वापरा, दुकानात वापरा, दहा संगणकांवर टाका, परवान्याचा एक रुपया लागत नाही. विंडोजसाठीची फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास आहे, मोबाइलच्या एका दिवसाच्या डेटात सहज उतरते. मात्र ती लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर हेच सॉफ्टवेअर थोड्या किमतीला दिसेल. ती रक्कम संस्थेच्या कामाला जाते, द्यावीशी वाटली तर जरूर द्या, सक्ती नाही. दुकानदाराने इन्स्टॉल करून दिलं तर त्याच्या वेळेचे पैसे मागणं रास्त आहे, पण बिलात ‘सॉफ्टवेअरची किंमत’ लावली असेल तर ती नाकारा.

मग खर्च येतो कुठे? पहिल्या आठवड्याच्या सवयीत आणि मराठी फॉन्टमध्ये.

सवयीचं सोपं आहे. एमएस-सीआयटीत वर्ड शिकलेल्यांना बटणं शोधावी लागतात. व्ह्यू मेनूतल्या ‘यूजर इंटरफेस’मध्ये ‘टॅब्ड’ निवडलं की मांडणी बरीच ओळखीची होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे लिब्रेऑफिसवरचे धडे मराठीतही आहेत, तेही मोफत.

फॉन्टचं दुखणं जुनं आहे. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल श्रीलिपी, कृतिदेव किंवा ‘सुरेख’मध्ये असेल आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. यात दोष लिब्रेऑफिसचा नाही, वर्डमध्येही तेच होईल. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेत. नवीन लेखन थेट युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये असतोच, आणि नोटो किंवा मुक्तासारखे सुबक फॉन्ट फुकट मिळतात. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडायला विसरू नका. मेनूही मराठीत हवे असतील तर इन्स्टॉल करतानाच ‘कस्टम’मध्ये जाऊन मराठी भाषा निवडावी लागते.

थिसिसवाल्यांसाठी थोडं अधिक. गाइड वर्ड वापरत असतील तर फाइल डॉकएक्स स्वरूपातच सेव्ह करा. ऑप्शन्समधल्या ‘लोड/सेव्ह’मध्ये ही सोय कायमची करून ठेवता येते. त्यांनी ‘ट्रॅक चेंजेस’मध्ये केलेल्या दुरुस्त्या रायटरमध्ये दिसतात, आणि संदर्भांसाठी झोटेरो इथेही चालतं. पण मोठे तक्ते आणि चित्रांभोवतीचा मजकूर कधी कधी सरकतो. त्यामुळे शेवटची प्रत छपाईला नेताना पीडीएफ करून, पानन्‌पान पाहूनच न्या. मॅक्रो भरलेल्या एक्सेल फाइलवर ज्यांचं रोजचं काम अवलंबून आहे, त्यांनी विकतचंच घ्यावं. तिथे लिब्रेऑफिस पुरं पडेलच असं नाही. कॉलेजच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टची मोफत सुविधा आहे का, हेही पैसे भरण्याआधी कार्यालयात विचारून घ्या.

जुना संगणक असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी. विंडोज ११ न पेलणारं यंत्र भंगारात काढण्याआधी त्यावर लिनक्स मिंट टाकून पाहा. चार जीबी रॅम आणि वीस जीबी जागा असली की घरगुती कामाला ते पुरतं, आणि लिब्रेऑफिस त्यात आधीपासूनच असतं. खर्च फक्त पेन ड्राइव्हचा. मात्र त्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण डिस्क पुसली की ती परत मिळण्याची खात्री नसते.

वर्गणीची मुदत संपत आली असेल तर महिनाभर आधी लिब्रेऑफिस टाका, आपल्या नेहमीच्या फाइली त्यात उघडून पाहा आणि मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवा.