फाइलीच्या नावाचा दुभाषी

एका संगणकावर ‘मराठी’ या नावाने ठेवलेली फाइल जाळ्यावरून दुसऱ्या संगणकावर पाहावयास जावे, तो नावाच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसावी, हा अनुभव पुष्कळांस असेल. असे का व्हावे?

संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास ठाऊक असतात केवळ आकडे. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत. लिनक्स यंत्रावर सामान्यतः यूटीएफ-८ ही पद्धत असते. तीत प्रत्येक चिन्हास ३ बाइट, म्हणजे एकूण १५ लागतात. विंडोजच्या पद्धतीत तेच नाव १० बाइटांत मावते. या दोहोंमधील दुभाषी म्हणजे ‘सांबा’ ही प्रणाली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास तिचा पाया घातला; २००३ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ती युनिकोडमधून नावांची देवाणघेवाण करू लागली.

तबकडीवरील नावे कोणत्या पद्धतीने लिहिली आहेत, हे दुभाष्यास चुकीचे सांगितले की तो अनर्थ करणारच! परंतु मूळचे आकडे तबकडीवर जसेच्या तसे असतात, आतील मजकुरासही धक्का लागलेला नसतो. तेव्हा फाइल बिघडली असे समजून ती पुसू नये, किंवा तिचे नावही बदलू नये. बदललेले नाव त्या चुकीच्या पद्धतीनेच लिहिले जाते. आधी मांडणी सुधारावी.

लांबलचक समासांची हौस असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी घ्यावे. लिनक्सवर नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइटांची असते, म्हणजे देवनागरीची अवघी ८५ चिन्हे. विंडोजवर सुखाने नांदणारे नाव तेथे नाकारले जाते, आणि जोडाक्षरातील हलन्तही त्या हिशेबात धरला जातो.